सांभाळून लिहिलेलं इंग्रजी

माझ्या नवऱ्याला कुणी विचारलं, "वहिनी काय करतात?" तर तो सांगायचा, "बोईसरला लोकांना घाबरायला शिकवते. इंग्रजीतून." ऐकणारा हसायचा आणि मी डोळे वटारायचे. हल्ली मी क्लास बंद करून पालघरला घरीच असते, त्यामुळे त्याचा हा विनोदही निवृत्त झाला आहे. पण खरं सांगायचं तर माझ्या धंद्याची याहून नेमकी व्याख्या मलाही कधी जमली नाही.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाचे, औषधांचे, कापडाचे, लोखंडाचे असे गल्लोगल्ली कारखाने. मालक मुंबईत, गिऱ्हाईक परदेशात, कामगार यूपी-बिहारचे आणि सुपरवायझर बहुतेक आपल्या भागातले, म्हणजे कुंभवलीचे, चिंचणीचे, मनोरकडचे. ही मंडळी यंत्र आवाजावरून ओळखणारी. पण बढती मिळाली की यंत्र सुटायचं आणि कॉम्प्युटर समोर यायचा, आणि कॉम्प्युटरवर यायच्या इंग्रजी मेल. तिथे भल्याभल्यांची बोबडी वळायची. मग कुणीतरी त्यांना माझा पत्ता द्यायचं. स्टेशनजवळ एका मेडिकलच्या दुकानावरची खोली, दारावर पाटी 'ऑफिस इंग्लिश', आणि आत मी.

बाहेरच्या माणसाला वाटतं, त्यात शिकवायचं काय एवढं? आनंदाची बातमी लिहायला खरंच क्लास लागत नाही. माल पाठवला, माल मिळाला, आभारी आहोत. तीन ओळी घोकल्या की झालं. खरी पंचाईत होते ती अजून न झालेल्या, पण होऊ शकेल अशा गोष्टीची. बॉयलर कुरकुरतोय. ट्रक मनोरजवळ हायवेवर अडकायची चिन्हं आहेत. पावसाळ्यात कच्चा माल ओला होईल. हे गिऱ्हाइकाला सांगायचं तर आहे, नाहीतर उद्या तो म्हणेल की मला अंधारात ठेवलंत. आणि फार ठासूनही सांगायचं नाही, नाहीतर तो आजच दुसरं दार बघेल. या मधल्या वाटेसाठी इंग्रजांनी एक पायऱ्यांचा जिनाच बांधून ठेवला आहे. सगळ्यात वर 'विल', म्हणजे होणारच. खाली 'लाइकली', म्हणजे बहुतेक होणार. त्याच्याखाली 'मे', होईल किंवा नाही. मग 'माइट'. आणि अगदी तळाला 'कॅनॉट बी रूल्ड आउट', म्हणजे झालंच तर माझ्याकडे बघू नका. हा जिना मी फळ्यावर काढायची आणि पोरांना चढउतार करायला लावायची.

कुंभवलीचा नरेश माझ्याकडे आला तेव्हा नोकरी जायच्या बेतात होता. रंगाच्या कारखान्यात माल रवाना करायचं काम त्याच्याकडे. त्याने जर्मनीच्या गिऱ्हाइकाला सरळ लिहिलं होतं, की माल नक्की उशिरा येणार, काहीही करता येणार नाही. म्हणजे खरं तेच लिहिलं होतं बिचाऱ्याने. तिकडून मालकाला फोन, मालकाकडून मॅनेजरला आणि मॅनेजरकडून नरेशला. मी त्याला 'देअर मे बी अ स्लाइट डिले' शिकवलं. त्याने ते वाक्य असं काही आपलंसं केलं की पुढे उशीर पूर्वीपेक्षा जास्त होऊनही गिऱ्हाईक 'थँक यू' लिहायला लागलं. मॅनेजर खूश, मी खूश. मग एक दिवस त्याने रजेचा अर्ज केला: 'माय मॅरेज मे टेक प्लेस ऑन संडे.' मॅनेजरने बोलावून विचारलं, "काय रे, मुलीने अजून हो म्हटलं नाय काय?"

यूपीचा एक फिटर होता, तिवारी. तो मात्र शेवटपर्यंत बधला नाही. "मॅडमजी, पंप जाने वाला है तो जाने वाला है. उसमें 'मे' क्या लगाना?" फी भरून आलेला माणूस, पण दर वेळी हाच वाद. मी त्याला समजवायची, की बाबा, जग असं चालत नाही. तो मान डोलवायचा आणि पुन्हा 'विल' लिहायचा. त्याला पुढे बढती मिळाली नाही, आणि त्या वेळी मला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं.

वर्गात एक गंमत मात्र फार लवकर लक्षात आली. मी सगळ्यांना सांगायची, आपापल्या खात्यात काय काय बिघडू शकतं त्याची वाक्यं लिहा. पोरं भराभर लिहायची. पाइप फुटू शकतो, वायू सुटू शकतो, माणूस घसरू शकतो. मग मी म्हणायची, आता हेच मराठीत मोठ्याने सांगा, म्हणजे अर्थ कळला की नाही ते मला समजेल. की वर्ग चिडीचूप. सगळे एकमेकांकडे बघत बसायचे.

चिंचणीचा कमळाकर, मच्छीमाराच्या घरातला, एकदा स्पष्टच म्हणाला, "बाई, इंग्रजीत पाह्यजे तवढा लिवतो. मराठीत नाय बोलनार. बापूस माजा दर्यावर हाय."

"अरे, तू कारखान्याच्या पाइपबद्दल बोलतोयस. त्यात तुझ्या वडलांचा काय संबंध?"

"वायट ता वायटच. बोललेला लागते."

"आणि इंग्रजीत लिहिलेलं लागत नाही का?"

"इंग्रजी दर्याला कलत नाय," कमळाकर गंभीरपणे म्हणाला, आणि सगळा वर्ग हसला. पण मराठीत कुणीही बोललं नाही ते नाहीच.

मी हसले खरी, पण मी तरी कुठली वेगळी? आपल्या घरात बांगडी फुटत नाही, ती वाढते. दाराबाहेर पडणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. वास्तू तथास्तु म्हणत असते, म्हणून तिन्हीसांजेला वाकडा शब्द तोंडातून निघाला की आई तोंडावर बोट ठेवायला लावायची. 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणावं तर नाऱ्या म्हणणार 'मांडवाला आग लागली', म्हणून आपण नाऱ्याला बोलूच देत नाही. अशा घरांतली ही पोरं. पुढचं संकट मराठीत उच्चारायची त्यांना चोरी होती, आणि इंग्रजीने त्यांना एक मागचं दार उघडून दिलं होतं. घरातल्या देवाला न कळणारी भाषा. माझा क्लास इतकी वर्षं चालला तो माझ्या शिकवण्यामुळे थोडा आणि या मागच्या दारामुळे जास्त, असं मला आता वाटतं.

त्याच दाराने विष्णुअप्पा आले.

चिंचणीच्या चिकूच्या वाडीचे मालक. वय सत्तरीच्या पुढे, पांढरा लेंगा-सदरा, हातात चिकूंची पिशवी. मला वाटलं, नातवाच्या प्रवेशासाठी आलेत. तर म्हणाले, "मना शिकवा. मना एक मेल लिवायची हाय."

"एकच मेल असेल तर मी लिहून देते, अप्पा. त्यासाठी क्लास कशाला?"

"नाय नाय. माजी मीच लिवनार. तुमी फक्त इंग्रजी सांभाळा."

मग हळूहळू गोष्ट बाहेर आली. त्यांचा एकुलता मुलगा सुधीर कॅनडात. सून प्रिया मूळची तमिळ, पण तिकडेच वाढलेली, तिला मराठी येत नाही. दोन मुलं. चौघे दोनेक वर्षांनी एकदा येत, मुलांच्या मोठ्या सुट्टीत. पुढची फेरी पुढच्या उन्हाळ्यात ठरलेली. आणि इकडे अप्पांच्या बायकोला, सगळं गाव जिला माई म्हणायचं तिला, विसरायला होऊ लागलं होतं. सुरुवातीला मीठ, किल्ली, वार. मग शेजारणीचं नाव. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे थांबणार नाही, हळू जाईल की भरभर ते मात्र सांगता येत नाही.

"आता पोराला वलखते," अप्पा म्हणाले. "फोनवर आवाज आयकला का तोंड फुलते तिचा. ती वलखते तवर त्याने एकदा यावा. माजा दुसरा काय मागना नाय."

"मग फोन करून सांगा ना त्याला."

अप्पांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की शाळेत नापास झाल्यासारखं वाटलं मला. दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो, ते म्हणाले. ओटीवर दोघं शेजारी बसतात. फोन लागायच्या आधी ते माईला सांगून ठेवतात, आता सुधीर येईल हां. मग माई पडद्याकडे बघून विचारते, जेवलास काय, पोरं काय करतात, थंडी हाय काय. ही वाक्यं तिची पाठ आहेत. एखादं अडलं तर अप्पा हळूच पुढचं सांगतात. तिकडे सुधीर बघतो, आई छान दिसतेय. विचारतो, सगळं बरं ना? अप्पा म्हणतात, सगळा बरा हाय.

"बाजूला जाऊन सांगा. वाडीत जाऊन सांगा," मी म्हटलं.

"वाडी बी घरच ना, बाई," ते म्हणाले. "तिच्या हातची झाडा हाईत ती. तेंच्यापुढे कसा बोलू का तुमची माई आता..." आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी पिशवीतले चिकू माझ्या टेबलावर मांडायला सुरुवात केली, पिकलेले एका बाजूला आणि कच्चे दुसऱ्या.

तर सुनेला इंग्रजीत मेल लिहायची, म्हणजे ती सुधीरला सांगेल. घरातही काही उच्चारलं जाणार नाही. हा अप्पांचा बेत. मला तो तेव्हा फार शहाणपणाचा वाटला.

ते कंपनीतल्या पोरांबरोबर बाकावर बसू लागले. पोरं त्यांना जागा करून देत, ते पोरांना चिकू देत. मी फळ्यावर जिना काढला की अप्पा वहीत तो असा कोरून काढायचे, जणू खरंच बांधायला घ्यायचा आहे. शेवटी मेल लिहायचा दिवस आला. वर्ग सुटल्यावर ते थांबले. मी कॉम्प्युटर उघडला आणि आधी माझं वाक्य वाचून दाखवलं. त्यात 'मे' नव्हतं, 'लाइकली' नव्हतं. आईची आठवण जात चालली आहे, कृपा करून लगेच या, एवढंच.

त्याचा अर्थ कळल्यावर अप्पांनी दोन्ही हात वर केले. "हा नको, हा नको. हा फार उघडा हाय. मुलगी घाबरंल तिकडे. पोरांची शाळा, तेंच्या नोकऱ्या. आमी म्हातारी मानसा गळ्यात पडतो असा नको दिसायला."

"मग 'लाइकली' लिहू. बहुतेक असं होईल."

"हा किती पक्का?"

"आभाळ भरून आलंय, एवढा पक्का."

ते विचारात पडले. "आणि 'मे'?"

"ढग आहेत, पण वारा कुठचा आहे ते बघायचं."

"'मे' बरा," अप्पा म्हणाले. "'मे'मदी देवाला जागा ठेवलीय."

मी शिकवणारी बाई. असलं वाक्य विद्यार्थ्याच्या तोंडून आलं की आमचा जीव सुपाएवढा होतो. इतक्या वर्षांत कुणाही इंजिनिअरला 'मे'चा अर्थ इतका सुंदर सांगता आला नव्हता. मी 'लाइकली' खोडलं. आमचं दोघांचं मिळून जे तयार झालं ते मराठीत सांगायचं तर असं होतं: आईला पुढे जाऊन माणसं ओळखायला काहीशी अडचण येऊ शकते. तुमच्या सवडीने, जमण्यासारखं असेल तर, यंदा दिवाळीच्या सुमारास आलात तर आम्हाला आनंद होईल. खाली, आपला, विष्णु. त्यांनी एकेक अक्षर स्वतः दाबलं. 'डिफिकल्टी' हा शब्द तीनदा चुकला, तीनदा खोडून पुन्हा लिहिला, मला हात लावू दिला नाही.

इंग्रजी म्हणून पाहिलं तर ती मेल निर्दोष होती. आजही मी ती कुठल्याही वर्गात नमुना म्हणून दाखवीन.

प्रियाचं उत्तर दोन-तीन दिवसांत आलं. मुलगी मायाळू असावी. कळवल्याबद्दल आभार मानले होते, आईंची काळजी घ्या म्हटलं होतं, तिकडे मिळणाऱ्या काही गोळ्यांची चौकशी करते म्हटलं होतं. दिवाळीला कठीण दिसतं, पण उन्हाळ्याची फेरी थोडी अलीकडे आणता येऊ शकेल, बघतो, असंही होतं. तिथेही 'मे'. अप्पांनी ते बोटाने दाखवलं. "तिने पन 'मे' लिवलाय. मोठ्यांचा मान राखते मुलगी."

असल्या मेल वाचण्यात माझी हयात गेली. एकाने 'मे' लिहावं, दुसऱ्याने 'मे'नेच उत्तर द्यावं, आणि दोघांनीही फाइल बंद करून चहा प्यायला जावं, हे मी रोज बघत होते. मी म्हटलं, "अप्पा, आणखी एक मेल टाकू. थोडी कडक."

"लगेच दुसरी? घाई दिसंल त्यात. बगू, गनपती होऊ देत."

गणपती झाले, दिवाळी झाली. अप्पा यायचे, पण मेलचा विषय काढला की 'बगू'. आता त्यांना नुसतं इंग्रजीच आवडायला लागलं होतं. इंग्रजी पेपरातली हवामानाची बातमी ते मोठ्याने वाचायचे. मला वाटतं, वर्गातली दुपार हा त्यांचा घरापासून सुटकेचा वेळ झाला होता, आणि तो त्यांना लागत होता. एकदा म्हणाले, माईने आज शेजारणीला 'तुमी कोन' विचारला. एकदा म्हणाले, वाडीतून परत येताना ती वाट चुकली. हे सगळं सांगताना ते अर्धं इंग्रजी वापरायचे. 'शी मे बी टायर्ड.' मी म्हणायची, "अप्पा, सुधीरला सांगा." ते म्हणायचे, "रविवारी बोलली की तेच्याशी. वलखते अजून."

थंडी संपता संपता त्यांचं येणं बंद झालं. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा "सगळा बरा हाय." ते मराठीत म्हणाले, म्हणून मला कळलं की बरं नाही. चिंचणी काही लांब नाही, बोईसरहून रिक्षा मिळते. पण दुसऱ्याच्या घरातलं झाकलेलं आपण जाऊन कसं उघडायचं, म्हणून मी गेले नाही. तेव्हा जायला हवं होतं असं आता वाटतं, पण जाऊन मी काय केलं असतं तेही सुचत नाही.

मग उन्हाळ्यात एक दिवस अप्पांचाच फोन आला. "पोरा आली. तुमी या जेवायला. सून तुमाला बगायचा म्हनते."

मी गेले. वाडीत चिकूच्या झाडांखाली गारवा होता, दोन गोरटेली मुलं पालापाचोळ्यात खेळत होती. ओटीवर सुधीर उठून उभा राहिला. चाळिशीचा, केस मागे गेलेले, बापाचाच तोंडवळा. प्रियाने वाकून नमस्कार केला, कुणीतरी शिकवला असावा. अप्पा झोपाळ्यावर होते. इतक्या महिन्यांत माणूस अर्धा झाला होता.

चहा झाला. मुलांची चौकशी झाली. मग सुधीर म्हणाला, "बाई, ती मेल तुम्ही शिकवलीत ना बाबांना?"

"हो."

"फार छान होती," तो म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच मला ते लागलं. "आम्ही दोघांनी वाचली. मी प्रियाला म्हटलं, बाबा बघ कसे इंग्रजी शिकले. माझ्या ऑफिसात रोज अशी वाक्यं येतात. हे होऊ शकतं, ते होऊ शकतं. मीही लिहितो. तसलं काही आलं की आम्ही नोंद घेतो आणि पुढची मेल उघडतो. तसंच झालं. रविवारी आई दिसत होतीच, जेवलास का विचारत होती." मग बापाकडे न बघता म्हणाला, "बाबांनी मला मराठीत नुसतं 'ये' म्हटलं असतं ना, तर मी त्याच आठवड्यात आलो असतो."

अप्पांनी झोपाळा पायाने थांबवला. प्रियाला शब्द कळले नसावेत, पण तिने उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

कुणावर खापर फोडायचं याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. बापाने घराला जपलं, सुनेने मान राखला, मुलाने जे लिहिलं होतं तेच वाचलं. मी शब्द बरोबर निवडून दिला. चौघांनीही आपापलं काम नीट केलं, आणि एक दिवाळी हातची गेली. त्या दिवाळीत माईने त्याला ओळखलं असतं. याचं मला वाईट वाटतं, आणि हे वाईट वाटणं 'कदाचित' वगैरे नाही. कारखान्यांतल्या पोरांना शिकवलेल्या त्या शेकडो वाक्यांचं पुढे काय झालं, ती कुणी वाचली, कुणी वाचून पुढची मेल उघडली, हे मला माहीत नाही. एकाच वाक्याचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. तिवारीची तेव्हा फार आठवण झाली. त्याला मी हटवादी म्हणायची.

एवढ्यात माई आतून आली. नऊवारी नीट नेसलेली, कपाळावर कुंकू, केस विंचरलेले. हातात तांब्या-भांडं. आल्यागेल्याला पाणी द्यायचं ते मात्र तिच्या हाताला आठवत होतं. मला पाणी दिलं. मग सुधीरसमोर आली, भांडं भरलं आणि पदर सावरून म्हणाली, "घ्या. उनातान्हातून आलात. बसा ना, उभे कशाला ऱ्हायलात?"

आईने आपल्याला 'घ्या' म्हटलेलं पोटच्या मुलाला कसं वाटत असेल, हे मला सांगता येणार नाही. त्याने दोन्ही हातांनी भांडं घेतलं आणि खाली बसला, तिच्या पायांजवळच. तीही पाहुण्याशी बोलावं म्हणून पाटावर टेकली.

"लांबून आलात?"

"हो. लांबून."

"कामाला असता तिकडे?"

"हो."

अप्पा तोंड फिरवून वाडीकडे बघत होते. आज त्यांनी तिला पुढचं वाक्य सांगितलं नाही. माईने सुधीरकडे जरा निरखून पाहिलं. मला क्षणभर आशा वाटली, त्यालाही वाटली असणार, कारण तो पुढे झुकला.

"तुमची आई हाय ना?" तिने विचारलं.

सुधीरने भांडं खाली ठेवलं.

"हाय," तो म्हणाला.

"मंग इकडे काय करता?" माई म्हणाली. "जा, तिला भेटून या. ती वाट बगते."